वृक्करोगातील लोणचे आणि सैंधवाचा गैरसमज

चिरकारी वृक्करोगाच्या रुग्णास पथ्य सांगून झाले की एक प्रश्न हमखास येतो : "वैद्यराज, सैंधव घालून केलेले लोणचे तरी चालेल ना?" आपल्यापैकी अनेक जण सहज होकार देतात, औषधालयांतूनही सैंधव 'किडनीला निर्धोक' म्हणून दिले जाते. या होकाराचा पुनर्विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

सैंधव लवणवर्गात श्रेष्ठ, हे निर्विवाद. परंतु ते श्रेष्ठ असले तरी लवणच आहे. रासायनिक दृष्ट्या तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच होय. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिवापर निषिद्ध मानला आहे, आणि शोथात तर अम्ल-लवण पदार्थ अपथ्यच सांगितले आहेत.

आता लोणच्याचा हिशेब पाहू. घरगुती प्रमाण साधारणतः असे : कैरीच्या फोडी १ किलो, मीठ २०० ग्रॅम, मसाला १५० ग्रॅम, तेल ३५० ग्रॅम. म्हणजे १७०० ग्रॅम लोणच्यात सुमारे १२ टक्के मीठ. पानात वाढलेल्या १५ ग्रॅममधून पावणेदोन ग्रॅम मीठ, म्हणजे जवळजवळ ७०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. के.डी.आय.जी.ओ. या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या रुग्णांची दिवसभराची मर्यादा २ ग्रॅम सोडियम आहे. एवढ्याशा लोणच्याने तिचा तिसरा हिस्सा संपतो; भाजी-आमटीचे मीठ निराळेच. फोड धुऊन खाल्ल्याने खार जातो, आत मुरलेले मीठ बरेचसे तसेच राहते. (मूत्रावाटे मीठ अतिरिक्त वाहून जाणारे काही वृक्कविकार आहेत, त्यांना मात्र ही मर्यादा लागू नाही.)

यावर उपाय म्हणून कोणी 'कमी सोडियमचे मीठ' वापरू लागतो. हे अधिक घातक. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. दुर्बल वृक्क ते बाहेर टाकू शकत नाहीत, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे चालू असल्यास रक्तातील पोटॅशियम आणखी वाढून हृदयगती बिघडते. औषधविक्रेत्या बंधूंनी हे विशेष ध्यानी घ्यावे. ओघाने सांगावयाचे तर, लवणभास्करात चार लवणे आहेत, आणि 'मूत्रल' म्हणून दिली जाणारी श्वेतपर्पटी मुख्यत्वे सोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची आहे. वृक्करोग्यास लोणचे बंद आणि श्वेतपर्पटी चालू, असे चिकित्सापत्र आम्ही पाहिले आहे.

रुचीचा प्रश्न मात्र खरा आहे. अरुचीने रुग्ण जेवणच टाकतो. अशा वेळी आम्ही ताजी काकडी वा कोबी बारीक चिरून, लिंबाचे काही थेंब पिळून, वर मोहरी-हिंगाची फोडणी देऊन दोन चमचे खाण्यास सांगतो. मीठ अजिबात नाही. बाजारच्या हिंगात मीठ नाही ना, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. हळूहळू जिभेला सवय होते.

कोकण-गोव्यातील रुग्णांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : लोणचे कशाचे? कमरख, म्हणजेच करमल, आणि बिलिंबी या दोन्ही फळांत ऑक्सॅलेट विपुल असते. बिलिंबीच्या रसाने वृक्क अकस्मात निकामी झाल्याचे रुग्ण केरळात नोंदले गेले आहेत. कमरखात कॅरॅम्बॉक्सिन हे मज्जासंस्थेस बाधक द्रव्यही आहे. वृक्करोग्यास ही फळे मिठाविनाही वर्ज्य. कमरख खाल्ल्यावर न थांबणारी उचकी लागली, भ्रम झाला, तर मयूरपिच्छामषी देत न बसता रुग्णास डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ धाडावे.