गोठ्यामागची जुनी जीप



गावोगाव फिरताना एक दृश्य नेहमी दिसते. गोठ्यामागे नाही तर बाभळीखाली एखादी जुनी जीप उभी असते. चाके जमिनीत रुतलेली, सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. घरधनी म्हणतात, "राहू द्या साहेब, खायला तर मागत नाही." मागत नाही हे खरे; पण तिच्या पोटात काळे ऑईल आहे, बॅटरीत शिसे आणि ॲसिड आहे. पत्रा गंजला की हे सारे पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडे निघते.

आता दुसरी बाजू पाहा. गाडीच्या वजनात सर्वांत मोठा वाटा लोखंड-पोलादाचा असतो. एक टन भंगार पोलाद पुन्हा वापरले, तर सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. शेतातला काडीकचरा खत होऊन शेतातच परत जावा, तसे जुन्या गाडीचे पोलाद नव्या गाडीत जावे, असा हा विचार आहे. तो नवा नाही. फ्रान्सच्या रेनो कंपनीने पॅरिसजवळ श्वाझी-ल-र्वा येथे १९४९ सालीच जुनी इंजिने उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा वापरात आणण्याचा कारखाना काढला होता.

पण खत चांगले व्हायचे तर उकिरड्यात काचा आणि प्लॅस्टिक पडता कामा नये. इथेही तसेच आहे. गाडीत तांब्याच्या तारा असतात. घाईने ठोकून तारांसकट गाडी भट्टीत घातली, की तांबे पोलादात मिसळते, आणि एकदा मिसळले की ते भट्टीत वेगळे काढणे जवळजवळ अशक्य. असे पोलाद तापवून लाटताना चिरते. गाडीच्या पत्र्याला ते चालत नाही, त्याच्या बांधकामाच्या सळया करतात. बियाण्यांसाठी आपण ज्या जालन्याला ओळखता, तिथे भंगारापासून सळया करणाऱ्या मोठ्या भट्ट्याही आहेत. सळई वाईट नव्हे, घराला ती लागतेच. पण गाडीचे पोलाद गाडीत परतले नाही, एवढे खरे. म्हणून सरकारमान्य केंद्रात आधी ऑईल, बॅटरी आणि गॅस काढतात, मग टायर, काचा, तारा. सांगाडा दाबतात तो सर्वांत शेवटी.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने वाहन कारखानदारांवरही ही जबाबदारी टाकली आहे. खासगी गाड्यांसाठी वीस वर्षांपूर्वी आणि वाहतुकीच्या गाड्यांसाठी पंधरा वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या वाहनांत जेवढे पोलाद होते, त्याच्या ८ टक्के दरवर्षी परत मिळवायचे. २०३५-३६ पासून हे प्रमाण १८ टक्के होईल. मला विचाराल तर आठ टक्के फारच थोडे आहेत. पण पेरणी तरी झाली.

आता आपल्या कामाचे. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने जीप रोखीने भंगारवाल्याला दिली. आर.सी. बुक कपाटातच राहिले. दोन वर्षांनी परजिल्ह्यातल्या अपघाताची नोटीस त्यांच्या दारात आली. त्यांची नंबरप्लेट भलत्याच गाडीवर फिरत होती! तेव्हा भंगारवाला शंभर रुपये जास्त देतो म्हणून भुलू नका. सरकारमान्य केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होते. मोडणीचा दाखलाही मागून घ्या आणि आर.टी.ओ.तून नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. गाडीवर सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असेल, तर तो बोजा आधी उतरवावा लागतो.

ट्रॅक्टर, ट्रॉली, कापणी-मळणीचे मोठे यंत्र आणि पॉवर टिलर यांना २०२५ चे हे नियम लागू नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी घाबरवले तर घाबरू नका. जळके ऑईल मात्र ट्रॅक्टरचे असले तरी बांधावर ओतू नका.