टेबलावरचा माईक आणि उंद्रीची हवा

टेबलावर ठेवायचा जुना सीबी बेस सेट हाती आला की पहिली हौस माईकची असते. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसासाठी खुला ठेवलेला 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओपट्टा. भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा कमाल 5 वॅटपर्यंत वापरण्यासाठी परवान्यातून मोकळा आहे. सेट मात्र मान्यताप्राप्त प्रकारचा असावा लागतो आणि जुन्या परदेशी सेटच्या बाबतीत ते आधी तपासून घ्यायला हवे. या आकड्यांत एक गंमत दडली आहे. अमेरिकेत 1976 अखेरपर्यंत सीबीला 23 चॅनेल होते, 1 जानेवारी 1977 पासून 40 झाले. तेविसांपैकी सगळ्यात वरचा चॅनेल 27.255 वर येतो, म्हणजे जुन्या सेटची अख्खी माळ आपल्या पट्ट्यात बसते. चाळीसच्या सेटचा 28वा चॅनेल 27.285 वर, म्हणजे कुंपणाबाहेर पडतो. तेव्हा चिखली–खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीत कुणी असा सेट टेबलावर मांडणार असेल, तर वारंवारितेच्या हिशेबाने तेवीस चॅनेलचा म्हातारा सेटच बरा. त्याच्यापुढे माईक कोणता ठेवायचा, हा प्रश्न उरतो. माझे म्हणणे असे की माईक आवाजाच्या मोठेपणावर किंवा नावाच्या दबदब्यावर निवडू नये. सेटची आतली जोडणी, गावाची हवा आणि आपली बोली या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

मोठ्या आवाजाचा मोह समजण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. एएम पद्धतीच्या प्रक्षेपणात वाहक लहर आपल्या बोलण्याने बदलत जाते; हेच मॉड्युलेशन. बोलणे खरे वाहून नेतात ते तिच्या दोन्ही बाजूंचे पट्टे. वाहक 4 वॅटची आणि मॉड्युलेशन पूर्ण शंभर टक्के असेल, तर एका सलग सुरासाठी या बाजूपट्ट्यांत मिळून 2 वॅट जातात. मॉड्युलेशन निम्म्यावर आले तर फक्त अर्धा वॅट. म्हणजे मिणमिणता माईक लावला तर बोलण्याची चतुर्थांशच शक्ती हवेत जाते आणि समोरच्याला खरखरीतून शब्द वेचावे लागतात. आतच प्रवर्धक असलेले ‘पॉवर माईक’ याच कारणाने खपले. पण शंभराच्या पुढे आवाज ढकलला की लहर मुळातून तुटते, बोलणे फाटते आणि त्याचे शिंतोडे शेजारच्या चॅनेलवर उडतात. चॅनेलांमध्ये बहुतेक ठिकाणी अंतर अवघे 10 किलोहर्ट्झचे असते. त्यात एकाची हौस दुसऱ्याचा त्रास होतो. गरज असते ती शंभरापर्यंत नेणाऱ्या, पण पलीकडे न ढकलणाऱ्या माईकची. प्रवर्धकवाला माईक असेलच तर त्याचे बटण खालून वर हळूहळू न्यावे आणि दुसऱ्या सेटवर ऐकणाऱ्याने ‘आता फाटतंय’ म्हणताच मागे आणावे.

नावाचा दबदबा म्हटला की ॲस्टॅटिक कंपनीचा डी-104 आठवतो. 1933 साली आलेला, काडीवरच्या लॉलीपॉपसारखा दिसणारा हा माईक कित्येक दशके हौशी रेडिओवाल्यांच्या टेबलांवर राहिला. त्याचा आवाज धारदार, खरखरीतून आरपार जाणारा. त्याच्या पोटात रोशेल मिठाचा स्फटिक असतो. दाब पडला की तो वीज निर्माण करतो. क्यूरी बंधूंनी हा गुण 1880 साली दाखवून दिला. मात्र हे शेवटी मीठच. साधारण 55 अंश सेल्सिअसला ते कायमचे बिघडते, दमट हवेत ओल धरून विरघळू लागते आणि फार कोरड्या हवेत स्वतःतले पाणी सोडून भुकटी होते. उंद्रीच्या टापूत हे तिन्ही धोके एका वर्षात भेटतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार, वर टिनपत्र्याचे छत आणि शेजारी तापलेला व्हॉल्व्हचा सेट; मग आषाढ-श्रावणातली ओल; त्यापुढे कोरडा हिवाळा आणि पुन्हा उन्हाळ्याचे रखरखीत वारे. पन्नास वर्षांचा स्फटिक एवढे सोसून टिकलाच तर ते नशीब म्हणायचे, आणि नशिबाच्या भरवशावर पैसे घालू नयेत. चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा साधा डायनॅमिक माईक असल्या हवेत वर्षानुवर्षे चालतो. देवळातल्या कीर्तनाचे माईक याच जातीचे असतात.

हवेइतकेच आतल्या जोडणीचे महत्त्व, आणि ते ठिबकवाल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. उंचावरच्या टाकीतून बारीक नळी काढली तर दाब भरपूर, पाणी थोडे. ती नळी ड्रिपरला जोडली तर काम चोख होते. तीच मोकळ्या पाटात सोडली तर दाब नाहीसा होतो. स्फटिकाचा माईक या बारीक नळीसारखा: विजेचा दाब बरा, प्रवाह नगण्य. व्हॉल्व्हच्या सेटचे तोंड त्याला अडवत नाही, कारण तिथला रोध लाखांच्या घरातला असतो. ट्रान्झिस्टर सेटचे तोंड बहुधा काही शे ते काही हजार ओहमचे. तिथे हाच माईक थेट लावला की आवाजातला भरीवपणा जातो आणि पत्र्यावर नखे घासल्यासारखे बोलणे उरते. म्हणून नंतरच्या डी-104च्या बैठकीत ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक आणि 9 व्होल्टची बॅटरी घालावी लागली. उलट डायनॅमिक माईक ट्रान्झिस्टर सेटशी सहज जुळतो, पण व्हॉल्व्हच्या सेटसाठी त्याला मध्ये एक लहान ट्रान्सफॉर्मर लागतो. म्हणून माईक घेण्याआधी सेटचे झाकण उघडून पाहावे, निदान त्याच्या जोडणीचा नकाशा तरी मिळवावा.

मग सभेचा माईक घेऊन वायर का जोडू नये, असा आक्षेप कुणी घेईल. घ्यावा की, पण एक अडचण ओळखून. सभेच्या माईकचे बटण फक्त आवाज तोडते-जोडते. सीबीच्या बटणाला दुसरेही काम असते: सेटला ऐकण्यावरून बोलण्यावर आणणे. कित्येक जुन्या सेटमध्ये ऐकताना स्पीकरची वाटही माईकच्याच बटणातून जाते, म्हणून माईक उपसला की रेडिओ मुका होतो आणि माणूस उगाच सेट बिघडला समजतो. चार पिनांचा तोच प्लग वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या क्रमाने जोडला आहे. प्लग बसला म्हणजे जुळला असे नव्हे. आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. अमेरिकी बेस सेट 117 व्होल्टचा, आपली वीज 230ची. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. माईकचा धातूचा दांडा सेटच्या सांगाड्याशी जोडलेला असतो आणि आपण तो हातात धरून बोलतो. अर्थिंग नसेल तर कितीही उत्तम माईक लावू नये.

जुन्या सेटपुढे जुनाच माईक शोभतो, नाहीतर संग्रहाचे मोल काय, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. वस्तूचे रूप जपण्याला अर्थ आहे. म्हणून मेलेल्या डी-104चे डोके टाकून देऊ नये. मीठ गेलेली चकती काढून त्या जागी सिरॅमिक किंवा इलेक्ट्रेट भाग बसवता येतो. दर्शन तेच राहते आणि उन्हाळ्याची धास्ती उरत नाही. जिचा मूळ स्फटिक अजून बोलतो, ती चकती मात्र उपसू नये. तो माईक कपाटात, ऊन आणि ओल टाळून ठेवावा आणि रोजच्या कामाला साधा डायनॅमिक घ्यावा. धार हवी असेल तर डायनॅमिकच्या तारेत योग्य मापाचा एक कपॅसिटर टाकून घुमणारा खर्ज कापता येतो. संवादाला 300 ते 3000 हर्ट्झचा टप्पा पुरतो. खर्ज मॉड्युलेशनची जागा खातो, शब्द ओळखायला फारशी मदत करत नाही. स्टुडिओचा महाग माईक इथे फुकट जातो तो याचमुळे.

उरली बोली. ख, घ, फ, भ, ध म्हणताना आपण श्वासाचा झोत सोडतो आणि तो सरळ जाळीवर आदळला की ‘भप्प’ असा ठोका पडतो. माईक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर, जरा तिरका ठेवावा. टेबलावरच्या माईकची हातातल्यापेक्षा सरशी इथेच होते: अंतर ठरलेले राहते आणि लिहायला हात मोकळा असतो. निवड पक्की करण्याआधी गावाबाहेरच्या एखाद्या मळ्यात दुसरा सेट ठेवून आकडे वाचावेत. सात, साठ, आठ; एकोणसाठ, एकोणसत्तर; पंचावन्न, पंच्याहत्तर. सोयाबीनचा भाव कळवताना याच जोड्या घात करतात. ऐकणाऱ्याने न विचारता कागदावर उतरवलेला आकडा आणि बोललेला आकडा ज्या माईकवर जुळतील, तो घ्यावा.