अफूगटातील वेदनाशामके सोडताना

या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले, तेव्हा वैद्यकातील एखादा यशाचा प्रसंग सांगावा, असे मित्रांनी सुचविले. मी माझी एक चूक निवडली आहे. चुकलेले गणित फळ्यावर पुन्हा सोडवायला लावणाऱ्या गुरुवर्यांच्या स्मृतीस तेच अधिक शोभेल.

आपण माळव्यातील माणसे. नीमच-मंदसौरकडे शासकीय परवान्याने पिकविलेली अफूची शेते आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. बोंडाला चीर दिली की पाझरणाऱ्या चिकातून मॉर्फिन मिळते. ट्रॅमाडॉल हे औषध मात्र प्रयोगशाळेत घडते. १९७७ साली ते जर्मनीत विक्रीस आले. उगम निराळा असला तरी मेंदूत व मज्जारज्जूत मॉर्फिन जेथे काम करते, तेथेच तेही काम करते. 'सौम्य' म्हणून कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी ते आपल्याकडे सढळ हाताने दिले गेले. देणाऱ्यांत मीही होतो.

एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. माझ्या रुग्णांपैकी एक निवृत्त शिक्षिका गुडघ्यांच्या झिजेसाठी तीन वर्षे त्याच्या संयुक्त गोळ्या घेत होत्या. एका गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दिवसाला सहा गोळ्या. औषधाच्या दुकानात त्यांना चारचौघांत हटकले गेले. "डॉक्टर, मी काय नशा करते?" त्यांचा आवाज कापत होता. मी म्हणालो, "बाई, मग उद्यापासून बंदच करा."

तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला. सतत जांभया, नाक वाहणे, अंगावर काटा, जुलाब, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. हातापायांना मुंग्या आणि छातीत भीती दाटलेली. ट्रॅमाडॉल मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांवरही परिणाम करीत असल्यामुळे त्याच्या अभावात ही भीती व मुंग्या विशेष आढळतात. गुडघे तर पूर्वीपेक्षाही अधिक ठणकत होते. औषध तुटले की दबलेली वेदना काही काळ उसळून येते. रुग्णाला वाटते, औषधाविना आपले जगणेच अशक्य आहे; आणि डॉक्टरला वाटते, हे व्यसनच. दोघांचीही फसगत होते.

बाईंना व्यसन नव्हते. व्यसनात नुकसान दिसत असूनही पदार्थाची ओढ आवरत नाही. येथे केवळ शरीराने औषध गृहीत धरून आपला कारभार बसविला होता. दीर्घकाळ नियमाने, चिठ्ठीबरहुकूम गोळी घेणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकते, त्यात लाज कसली? अमेरिकेत अशी औषधे आधी बेसुमार दिली गेली आणि मग अनेकांची एकाएकी तोडली गेली. तेथील अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये इशारा दिला, की अचानक बंद केल्याने असह्य वेदना, मानसिक यातना, आत्महत्याही संभवतात. २०२२ च्या तेथील मार्गदर्शक सूचनांनुसार, वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांना महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून सावकाश केलेली घट अधिक मानवते.

मी बाईंची गोळी पूर्ववत सुरू केली आणि क्षमा मागितली. दोन आठवड्यांनी, त्यांच्या संमतीने, उतरण आखली. दर चार आठवड्यांना अर्धी गोळी कमी. (साधी गोळी अर्धी करता येते, औषध सावकाश सोडणारी लांबपल्ल्याची गोळी कधीही तोडू नये.) सहामधून अर्धी म्हणजे सुमारे आठ टक्के. पण गणिताची गंमत पाहा: उरलेल्या एका गोळीतून तीच अर्धी वजा केली, तर घट पन्नास टक्के होते. म्हणून शेवटच्या पायऱ्या लहान आणि दूरदूर ठेवाव्या लागतात. मध्यंतरी घरातील लग्नाच्या धावपळीत आम्ही दोन महिने मात्रा तशीच राहू दिली. थांबणे चालते, उलट फिरणे शक्यतो टाळावे.

नुसती वजाबाकी करून भागत नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, ठरावीक अंतर चालणे, शेक, झोपेची वेळ, हे सारे पहिली अर्धी गोळी कमी करण्यापूर्वीच सुरू केले होते. गोळीबरोबर घटणारे पॅरासिटामॉल वेगळे दिले. वेदनेसाठी वापरली जाणारी नैराश्याची काही औषधे ट्रॅमाडॉलसोबत धोक्याची ठरतात, म्हणून ती मी दिली नाहीत. झोपेच्या गोळ्या व मद्य यांच्या जोडीने श्वास मंदावतो, हेही घरच्यांना सांगितले. गर्भवती स्त्रियांनी अशी घट तज्ज्ञाखेरीज करूच नये. आणि कर्करोगाच्या असह्य वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या कोणी हे ऐकून आपली गोळी फेकू नये. आपल्या देशात अशा रुग्णांना ते पुरेसे मिळत नाही, हेच खरे दुखणे आहे.

बाईंना सोळा महिने लागले. गुडघे आजही दुखतात, पण त्या जिना चढतात आणि दुपारी पेंगत नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी उरलेल्या पाकिटांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मीच ती मागितली होती. काही महिन्यांनी दुखणे उसळले आणि जुन्या सवयीने जुनी मात्रा घेतली, तर सवय गेलेल्या शरीराला ती झेपत नाही.