शोधनिबंध मोजावयाचे की वाचावयाचे?

काही वर्षांपूर्वी पदोन्नतीच्या अर्जांची छाननी करणाऱ्या एका समितीवर बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. अर्जदारांत गणिताच्या एक प्राध्यापिका होत्या. सहा वर्षांत त्यांच्या नावावर दोनच शोधनिबंध. त्यांपैकी एक तिघांनी मिळून लिहिलेला आणि त्यात बाईंचे नाव शेवटी. समितीने कोष्टक पुढे ओढले, तिसऱ्या नावाचे तीस टक्के मांडले आणि बेरीज अपुरी भरते असे पाहून अर्ज बाजूला ठेवला. बाईंनी नेमके काय सिद्ध केले आहे, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीही विचारला नाही. मीही विचारला नाही. त्यांचे नाव शेवटी का, हे मला पुढे कळले: त्यांच्या आडनावाचे आद्याक्षर रोमन वर्णमालेच्या शेवटच्या टोकाला आहे, एवढेच!

हा प्रसंग आज आठवण्यास कारण आहे. मान्य संशोधनपत्रिकांची ‘यूजीसी-केअर’ ही केंद्रीय यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि दर्जा पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली. एक यादी गेली म्हणून दुसरी करावयाची, की यादीविना निर्णय घेण्यास शिकावयाचे, हा प्रश्न त्यामुळे महाविद्यालयांच्या दारात आला आहे. त्याचे उत्तर शोधताना संदर्भोल्लेखांच्या मोजणीचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

मूळ हेतू

एका शोधनिबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांनी केला, याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. तिचे मूळ वकिलीच्या व्यवसायात होते. एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या न्यायालयाने घेतला व कोणी तो फिरविला, हे दाखविणाऱ्या सूची अमेरिकन वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरीत होते. शास्त्रज्ञालाही एखाद्या कल्पनेचा माग काढता यावा, त्यातील चूक कोणी दाखविली असल्यास ती नजरेस यावी, हा गारफिल्ड यांचा उद्देश. १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणली. ग्रंथपालासाठी व अभ्यासकासाठी ती वाट दाखविणारी पाटी होती. पाटीवरील आकड्यावरून प्रवाशाची योग्यता ठरवावी, हा उद्योग नंतरच्या प्रशासकांचा.

वर्णमालेचा न्याय

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने दोघांहून अधिक लेखक असल्यास प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकास ७० टक्के आणि इतरांस प्रत्येकी ३० टक्के गुण ठरविले. ज्या शास्त्रांत पहिले नाव मुख्य कष्ट करणाऱ्याचे असते, तेथे यात काही अर्थ आहे. परंतु गणितात नावे वर्णानुक्रमे छापण्याची जुनी रीत आहे. संयुक्त संशोधनात कोणती कल्पना कोणाची हे बहुधा वेगळे काढता येत नाही, असे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ मध्ये स्पष्टपणे नमूद केले आहे.

या नियमाची कसोटी एका थोर नावावर घेऊ. मरियम मिर्झाखानी यांना २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळाले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. त्यांचे कार्य गतिकी आणि भूमिती यांच्या संगमावरचे. बहुभुजाकृती बिलियर्ड टेबलावर चेंडू कडांवर आपटत अनंत काळ फिरत राहिला, तर तो कोणत्या वाटा धरील? वरवर खेळातला वाटणारा हा प्रश्न वक्र पृष्ठभागांच्या भूमितीत नेऊन पोहोचवितो. असा एक पृष्ठभाग हव्या तितक्या प्रकारे ताणला-तिरपा केला, तर निर्माण होणाऱ्या रूपांचा पसारा गुंतागुंतीचा न राहता सुघटित आकारात बसतो, हे मिर्झाखानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्यांपैकी ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये २०१५ साली आलेल्या निबंधावर तीन नावे आहेत: एस्किन, मिर्झाखानी, मोहम्मदी. क्रम अर्थातच वर्णमालेचा. पहिले नाव तेच प्रमुख, असे आपल्याकडील समित्यांप्रमाणे धरले, तर विज्ञान शाखेच्या निबंधाला असलेल्या मूळ ८ गुणांपैकी मिर्झाखानी यांच्या वाट्याला २.४ येतात!

आम्हा अर्थशास्त्रज्ञांना या प्रकरणात हसण्याचा अधिकार नाही, कारण आमच्या शास्त्रातही हीच प्रथा आहे. आइनाव्ह व यारिव्ह या दोघांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत आडनावाचे अक्षर वर्णमालेत आधी असेल तर कायम नेमणूक मिळण्याची शक्यता वाढते. ज्या मानसशास्त्रात नावांचा क्रम वर्णानुक्रमे नसतो, तेथे हा परिणाम आढळला नाही.

दोन वर्षांची मुदत

गुणांचा दुसरा आधार म्हणजे संशोधनपत्रिकेचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. मागील दोन वर्षांतील निबंधांना चालू वर्षी सरासरी किती उल्लेख मिळाले, याचा तो आकडा. येथेही मोजमाप पत्रिकेचे होते आणि गुण व्यक्तीला दिले जातात. शिवाय दोन वर्षे ही मुदत कोणाच्या सोयीची? आंतरराष्ट्रीय गणित संघाने अन्य दोन संस्थांसह २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार गणितातील सुमारे ९० टक्के उल्लेख या मुदतीच्या बाहेर पडतात. एस्किन व मिर्झाखानी यांचा दोनशेहून अधिक पानांचा प्रमुख निबंध २०१३ मध्ये अभ्यासकांसमोर आला, पण पत्रिकेत छापला गेला २०१८ मध्ये. तत्पूर्वी, जुलै २०१७ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी मिर्झाखानी यांचे निधन झाले होते.

आपल्या घरचे उदाहरण देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते व तेथेच स्थिरावते. क्रियेची पुनरावृत्ती कोठे जाऊन थांबते हे पाहणे, हाच तर गतिकीचा गाभा. कापरेकरांना हे १९४९ मध्ये गवसले, निबंध १९५५ मध्ये छापला गेला आणि मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले ते १९७५ मध्ये. तोवर मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. दोन वर्षांच्या मापाला यातले काय दिसले असते?

मापच ध्येय झाले की

योगायोगाने त्याच १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट यांनी ब्रिटनच्या चलनविषयक धोरणाची चर्चा करताना एक सिद्धांत मांडला. एखाद्या सांख्यिकीय संबंधाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला, की तो संबंधच ढासळतो. शोधनिबंधांच्या बाजारात त्याचा प्रत्यय आपण घेत आहोत. गुण निबंधांना आहेत म्हणताच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका निघाल्या. उल्लेखांना महत्त्व आले म्हणताच परस्परांचे उल्लेख करणाऱ्या टोळ्या जमल्या. गणितात उल्लेखांची एकंदर संख्याच अल्प असल्याने थोड्या लबाडीनेही क्रम बदलतो. सर्वाधिक उल्लेख मिळविणाऱ्या संशोधकांची वार्षिक यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीला २०२३ मध्ये गणित हा विषयच यादीतून वगळावा लागला. तराजू विकणाऱ्यानेच तो या मालासाठी वापरू नका असे सांगावे, याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

मग करावे काय?

मोजणीच्या बाजूने एक मुद्दा मात्र निःसंशय वजनदार आहे. कोष्टक येण्यापूर्वीच्या निवडी निर्मळ होत्या, असे कोणीही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. वशिला, गटबाजी, जातपात यांनी गांजलेल्या उमेदवाराला निर्जीव आकडा हाच आधार वाटला तर त्यात नवल नाही. म्हणून आकडे फेकून द्या व समितीच्या मर्जीवर सोडा, असा या लिखाणाचा आशय नाही.

उपाय साधा आहे, मात्र कष्टाचा आहे. उमेदवाराने आपले सर्वोत्तम वाटणारे दोन-तीन निबंधच सादर करावेत. त्या विषयाच्या किमान दोन बाहेरच्या जाणकारांनी ते वाचून सकारण लेखी अभिप्राय द्यावा आणि तो उमेदवारालाही पाहावयास मिळावा. सहलेखकांपैकी कोणी काय केले, हे नावांच्या क्रमावरून न ताडता उमेदवारालाच विचारावे. उल्लेखांची संख्या सोबत असू द्यावी, पण साक्षीदार म्हणून. न्यायाधीश म्हणून नव्हे. वशिल्याला आळा निर्जीव आकड्याने बसत नाही, कारण आकडाही विकत मिळतो. तो बसतो कारणे लिहून, त्याखाली सही करण्याच्या सक्तीने.

याला वेळ लागेल आणि खर्चही येईल. परंतु एका नेमणुकीवर संस्था तीस वर्षांचे वेतन खर्च करते. तिच्यासाठी चार दिवसांचे वाचन महाग म्हणता येणार नाही. त्या प्राध्यापिका आजही आमच्याच शहरात शिकवितात. त्यांचा निबंध मला कळणार नाही, हे उघड आहे. पण तो ज्याला कळेल अशा माणसाकडे पाठविणे आमच्या समितीला त्या दिवशीही शक्य होते. तेवढेही आम्ही केले नाही. केंद्रीय यादी गेल्यानंतर आता दोष देण्यास कोष्टकही उरणार नाही, हे प्रत्येक समितीने ध्यानात ठेवावे.