माफी फुकट नसते : ख्रिस्ती धर्मातलं बलिदान आणि क्षमा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

गुड फ्रायडे आला की एक प्रश्न हमखास येतो. येशूला क्रूसावर मारलं, ठीक. पण त्यानं दुसऱ्यांची पापं कशी माफ झाली? कनेक्शन काय? धर्म कोणता पाळावा हा आपला विषय नाही. फक्त ही कल्पना आतून कशी चालते ते समजून घेऊ.

आधी कर्जमाफी समजून घ्या

कापूस गेला, सरकारनं कर्जमाफी जाहीर केली, शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा उतरला. पण बँकेचे पैसे हवेत विरले का? नाही. ते सरकारी तिजोरीतून भरले गेले. अॅपच्या स्क्रीनवर बाकी शून्य दिसते, पण मागे कुठल्या तरी दुसऱ्या खात्यातून रक्कम वजा झालेली असते. कर्ज माफ झालं याचा अर्थ ते दुसऱ्या कुणीतरी सोसलं.

ख्रिस्ती विचारात पाप हे असंच कर्ज मानलंय. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू जी प्रार्थना शिकवतो, तिच्यात चुकांसाठी 'ऋण' असाच शब्द येतो. क्षमा करण्यासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय, त्याचा साधा अर्थ सोडून देणं.

त्याच पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात एक गोष्ट आहे. एका नोकराचं राजाकडे 10,000 तालांत कर्ज असतं. राजा ते सगळं माफ करतो. बाहेर पडल्यावर हाच नोकर 100 दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. राजाला कळतं आणि त्याची रवानगी तुरुंगात होते. आता हिशोब करू. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. मजुरी 500 रुपये धरली, तर नोकराला माफ झाले 3,000 कोटी, आणि तो भांडत होता 50 हजारांसाठी! स्वतःला एवढं माफ झालंय, तर दुसऱ्याचं थोडं तरी सोड, असं ही गोष्ट सांगते.

मग बलिदान कशाला?

नवसाला बोकड देणं आपल्याकडे नवीन नाही. तिथे माणूस देतो आणि देव घेतो. येशूच्या काळात यरुशलेमच्या मंदिरातही पापासाठी प्राण्यांचे बळी दिले जायचे. ख्रिस्ती श्रद्धेत ही दिशा उलटी होते. इथे देणारा देवच आहे. माणसाला फेडता येणार नाही असं कर्ज देव स्वतःच्या अंगावर घेतो, तेही एकदाच, म्हणून पुन्हा बळी नको. क्रूसावर असताना येशू मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागतो, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. सगळे पंथ हे अगदी याच शब्दांत मांडत नाहीत. कुणी याला कर्जाची फेड म्हणतं, कुणी मरणावरचा विजय, कुणी प्रेमाचा नमुना. पण किंमत क्षमा करणारा मोजतो, हा धागा बहुतेक ठिकाणी सापडतो.

मराठी घरातलं उदाहरण

कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना आधी सांगितलंही नव्हतं. त्या काळी धर्म बदलला की जात, नातेवाईक, घर, सगळं तुटायचं. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. नंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे गेल्या आणि 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे पुढे याच टिळकांच्या घरी राहिले होते.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचा. नवऱ्याचा राग, धांदल, न सांगता घेतलेले निर्णय, सगळं त्यात आहे. त्यांनी काही लपवलं नाही, पण त्यावर व्याजही लावलं नाही. सांगताना स्वतः हसतात आणि आपल्यालाही हसवतात. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. माझ्या मते क्षमा म्हणजे हेच. हिशोब माहीत आहे, पण वसुली करायची नाही.

पण क्षमा म्हणजे गप्प बसणं का?

इथे खरा धोका आहे. घरात मारहाण होते आणि सगळे त्या बाईलाच म्हणतात, "जाऊ दे, माफ कर." ही क्षमा नाही, हा दबाव आहे. कर्ज सोडायचा हक्क ज्याचं बुडालं त्याचाच. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी किंवा धर्मगुरूनं परस्पर माफी जाहीर करायची नसते.

शिवाय क्षमा केली म्हणून कायदा थांबत नाही. आपल्या शेजारच्या इंदूर भागातली घटना बघा. सिस्टर राणी मारिया तिथल्या गरीब आदिवासींना सावकारीतून सोडवायला धडपडत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला चालत्या बसमध्ये त्यांची चाकूनं हत्या झाली. समंदर सिंग या मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्याच्या हाताला राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला, आणि त्याच्या सुटकेला या कुटुंबानंच साथ दिली. म्हणजे खटला चालला, शिक्षा झाली, त्यानं वर्षानुवर्षं तुरुंग भोगला आणि क्षमाही झाली. न्याय कोर्टानं केला. सूड सोडायचा की नाही, हे मात्र बहिणीच्या हातात होतं. तिनं सोडला, आणि ते दुःख स्वतःच्या पदरात ठेवलं.

तर मंडळी, "सॉरी" आणि "इट्स ओके" आपण दिवसभर टाइप करतो. त्यातलं खरं किती, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पुढच्या भांडणात तीच जुनी गोष्ट पुन्हा काढली, तर कर्ज माफ झालं नव्हतं, फक्त मुदत वाढवून दिली होती.

तुम्हाला कुणी असं खरंच माफ केलंय का? कमेंटमध्ये लिहा, नाव नसलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!