उलट-सुलट एकच

आपल्या घरी आजीची चंद्रकळा असेल, तर पदरावरचा कशिदा एकदा उलटून पाहा. धारवाड-बेळगावकडच्या कशिद्यातला 'गावंती' टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. हाच टाका सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमाने घालीत. त्या कामाला ब्लॅकवर्क म्हणतात.

धाकट्या हान्स होल्बाइनने १५३६च्या सुमारास राणी जेन सीमोरचे चित्र काढले. ते आज व्हिएन्नात आहे. त्यातल्या कफांवरची नक्षी इतकी रेखीव आहे, की पुढे टाक्यालाच 'होल्बाइन' नाव पडले. कफाची झालर मनगटावर सैल पडते, आतली बाजूही दिसते. म्हणून तिथे हाच टाका हवा. ही कला स्पेनच्या कॅथरीनने १५०१ साली इंग्लंडात आणली, असे सांगतात. पण चौसरने त्याआधी शतकभर, 'कँटरबरी टेल्स'मध्ये, एका सुतारीणबाईच्या गळपट्टीवर आत-बाहेर काळे रेशीम भरलेले दाखवले आहे!

असा कफ करून पाहायचा, तर कापड आधी कापू नका. ताणाबाणा मोजता येईल असे सारख्या विणीचे लिनन घ्या. रेशीम पाण्यात बुडवून रंग जातो का, ते पाहा. दोन दोरे वर, दोन खाली असा धावदोरा घालत जायचे आणि येताना राहिलेल्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही. टोक टाक्यांतच लपवायचे. खरी कसोटी फांद्यांची. मुख्य रेषेवरून फांदी फुटली, की टोकापर्यंत जाऊन, मोकळ्या जागा भरत, पुन्हा रेषेवर यायचे आणि मगच पुढे. मी एक फांदी विसरले, दोरा मागून ओढून नेला, तो दिसलाच. दवाखान्यातली अख्खी दुपार उसवण्यात गेली. भरून झाल्यावर कापा, कडा बारीक दुमडा आणि चुण्या घालून मनगटपट्टीला जोडा.

तेव्हाच्या काळ्या रंगात लोह असे. त्याने रेशीम कुजते. कित्येक जुन्या वस्तूंवरचा दोरा झडून गेला आहे, सुईची छिद्रे तेवढी उरली आहेत. नक्षी आता त्यांवरूनच ओळखायची.

हे वाचल्यावर मी आईची चंद्रकळा काढली. घडीवर सुलटीचे दोरे झिजले आहेत. तिथे मी उलटीवरून टाके मोजून नमुना चौकटीच्या कागदावर उतरवते आहे. आपणही उतरवून ठेवा. उलटीवर डावे ते उजवे होते, एवढे मात्र ध्यानात असू द्या.