स्ट्रिक्टा ते स्ट्रिक्टस

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली मानवेल शास्त्राच्या कागदावर आली ती 1798 साली. विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात या बांबूला ‘बांबोस स्ट्रिक्टा’ म्हटलं. पुढे 1834च्या सुमारास नीस या जर्मन शास्त्रज्ञाने तिला ‘डेन्ड्रोकॅलॅमस’ प्रजातीत घातलं आणि ‘स्ट्रिक्टा’चं ‘स्ट्रिक्टस’ झालं. नवं नाव पुल्लिंगी, तेव्हा विशेषणालाही लिंग बदलावं लागलं. आपली वाळलेली काडी आणि वाळलेला बांबू, तसंच.

‘स्ट्रिक्टस’ हे मुळात धातुसाधित. ‘स्ट्रिंगेरे’ म्हणजे आवळणं, ताणणं. ‘स्ट्रिक्टस’ म्हणजे आवळलेला, ताणलेला. मराठीचा ‘-लेला’ मात्र जास्त मोकळा: गेलेला माणूसही चालतो, तोडलेला बांबूही. लॅटिनचं हे रूप एरवी कर्मणीच. ज्याच्यावर क्रिया झाली तो समोर, करणारा नसला तरी अडत नाही. वनस्पतिशास्त्रात तर अर्थ झिजून ‘सरळ, ताठ’ एवढाच उरला. मानवेलीला तो शोभतोही: पेरं जाड भिंतीची, बुंधा बरेचदा भरीव. लाठीला हाच बांबू लागतो.

याच धातूच्या पोटचा आणखी एक शब्द आपण रोज वापरतो, ‘डिस्ट्रिक्ट’. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो हुकमत चालते त्या मुलखासाठी होता. 26 ऑगस्ट 1982ला चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा डिस्ट्रिक्ट झाला.

हुकमत बांबूवरही होतीच. 1927च्या वन कायद्याने ‘झाडा’च्या व्याख्येत बांबू घेतला. शास्त्र त्याला गवत म्हणतं, पण प्रजातीचं नाव ग्रीकमधल्या ‘झाड’ आणि ‘बोरू’ या शब्दांचं. म्हणजे शास्त्राचेही दोन्ही डगरींवर हात! इथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत जात राहिला, आणि बुरडाला दोन काड्यांसाठी वनखात्याच्या तोंडाकडे बघावं लागलं.

2006च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्यावर घोडं अडलं. शेवटी 27 एप्रिल 2011ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. ‘तोडलेला बांबू’ आता ‘ग्रामसभेने तोडलेला बांबू’ झाला. कर्ता वाक्यात आला.

‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू निघाला 2017मध्ये. त्याचा फायदा शेताबांधावर बांबू लावणाऱ्यांना. जंगलातली मानवेल त्या दुरुस्तीच्या बाहेरच राहिली.